उशीच्या अभ्र्यावरचा डाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील. पण घरातले अभ्रे आपणच धुतो, तेव्हा झोपेत गळणाऱ्या लाळेविषयी आपणच बोलायला हवे.

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जागेपणी ती आपण नकळत गिळतो. झोपेत लाळ कमी होते, तसे गिळणेही कमी होते. त्यातून कुशीवर किंवा पालथे निजले व तोंड उघडे राहिले, की ती उशीवर उतरते. एवढ्याने घाबरू नये.

मात्र रोजच अभ्रा भिजत असेल, तर कारण शोधावे. पहिले कारण नाक. पडसे, धुळीचे वावडे, नाकातले वाकडे हाड किंवा मुलांच्या नाकामागे वाढलेल्या गाठी यांमुळे नाक चोंदते व तोंडाने श्वास घ्यावा लागतो. असे मूल घोरते, दिवसा चिडचिडते. त्याला रागावू नये. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मोठे माणूस घोरता घोरता श्वास अडून दचकून उठत असेल, तर तेही दुखणेच समजावे. आम्लपित्त, सुजलेल्या हिरड्या, मानसिक आजारावरची काही औषधे यांनीही लाळ वाढते. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

म्हातारपणी हात कापू लागला, चाल मंदावली आणि लाळही गळू लागली, तर कंपवाताची शंका घ्यावी. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन लिहिले, त्यातही लाळेचा उल्लेख आहे. तिथे लाळ वाढलेली नसते, गिळणे मंदावलेले असते. अशा वडीलधाऱ्यांना चारचौघांत टोकू नये. हाताशी मऊ रुमाल ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूने लाळ गळू लागली, हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, तर तेल चोळत किंवा दृष्ट काढत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ताबडतोब १०८ ला फोन करा. तसेच तापलेल्या मुलाला थुंकीही गिळवेना, श्वासाला आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

भगिनींनो, डाग साबणाने जातो. पण धुण्याआधी तो रोजचा आहे की नवा, एवढे पाहत जा.