नकाशात न दिसणारा वासा



घराचा नकाशा पाहून छपराच्या लाकडी कैच्यांचा खर्च सांगणे, हे जुन्या सुताराच्या कसोटीचे काम होते. एकदा दर ठरला, की चुकीचा भुर्दंड त्याच्याच माथी बसे. आणि चूक नकाशापासूनच सुरू होई. कारण नकाशात वाशाचे आडवे माप दिसते, खरी लांबी नव्हे.

समजा, भिंतींमधील अंतर २४ फूट आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ९ फूट आहे. अर्धे अंतर १२ फूट हा भुज, ९ फूट ही कोटी. तर कर्ण, म्हणजे वासा, १५ फूट. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त शिकविलेले हेच गणित. वळचणीसाठी वासा २ फूट पुढे काढला, तर उतारावर ते अडीच फूट भरतात, एकूण साडेसतरा. नकाशावरून १४ फूटच धरणाऱ्याला, ६ × ३ इंची वाशांच्या १० कैच्यांत पावणेनऊ घनफूट लाकूड कमी पडेल.

म्हणून जाणता मिस्त्री जमिनीवर पूर्ण मापाची कैची आखी, कर्ण ताडून पाही, सांध्यांच्या कुसांसाठी वाढ धरी आणि मगच भाव सांगे. १९५५ मध्ये फ्लोरिडात कॅल्व्हिन ज्युरीट यांनी दातेरी पत्र्याचा सांधा आणला. पुढे आकडेमोड संगणकाकडे गेली. तथापि नकाशातील कोणते माप आडवे आणि कोणते तिरपे, हे ओळखणारी नजर माणसालाच कमवावी लागते. ती नसेल, तर बेरीज बिनचूक येते आणि वासा मात्र आखूड पडतो.