जखमी फिंचची शुश्रूषा

बेळगाव-निपाणीकडे पावसाळ्यातला गारठा अंगात शिरतो. अशा दिवसांत जाळीघरातला झेब्रा फिंच जखमी झाला, तर त्याला आधी ऊब हवी असते, औषध नंतर. जेमतेम बारा-पंधरा ग्रॅमचा हा जीव. अंगातली उष्णता भराभर निघून जाते.

त्याला लगेच छोट्या पिंजऱ्यात वेगळा ठेवा, कारण थव्यातले इतर पक्षी जखमेवर चोच मारतात. पिंजरा तीन बाजूंनी कापडाने झाका. एका टोकाला, कापडापासून दूर, जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडीने पुरेशी ऊब मिळत नाही. उकडलं तर पक्ष्याला दुसऱ्या टोकाला सरकता आलं पाहिजे. राळे आणि पाणी तळाशीच ठेवा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने हलकेच दाबून धरा. एवढ्याशा पक्ष्याला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. छाती मात्र आवळून बांधू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. चोचीत पाणी ओतू नका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नका. पंख लोंबत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

आणखी एक. आपल्या शिवारातल्या मुनिया फिंचसारख्याच दिसतात, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्या पाळता येत नाहीत. जखमी मुनिया सापडली, तर कृपया वनखात्याला कळवा.