कुलगुरू आप्पासाहेब : एक स्मरण



शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्याविषयी बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आभारी आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेले आम्ही सहकारी आता मोजकेच उरलो आहोत.

राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तेव्हा संलग्न महाविद्यालये होती ३४ आणि विद्यार्थी सुमारे १४,०००. कोल्हापूरजवळचा सागरमाळ म्हणजे खडकाळ, उघडा माळ. त्या माळावर विद्यापीठ उभे करावयाचे, ही जबाबदारी एका इतिहासाच्या प्राध्यापकावर आली. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पुढे १९७५ पर्यंत त्यांनी हा भार वाहिला.

आप्पासाहेबांची खरी चिंता इमारतींची नव्हती. खेड्यातील हुशार मुलगा केवळ खर्चापायी पदवीपासून वंचित राहतो, हे शल्य त्यांना होते. राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे काढून आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाची जोड देऊन जी वाट घातली, तीच त्यांनी विद्यापीठाच्या आवारात आणली. ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी काही तास काम करी, उरलेल्या वेळी अभ्यास करी. त्याला मिळे ती मदत नव्हती, घामाची कमाई होती. म्हणूनच त्याची मान ताठ राहिली. या योजनेचे विद्यार्थी भवन आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

प्रशासनाच्या धबडग्यातही त्यांच्यातील संशोधक जागा होता. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ त्यांनी संपादित केली. १९७० मध्ये विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासावर परिसंवाद भरला, त्यातील निबंधही त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुराव्यावाचून इतिहास नाही, ही त्यांची शिस्त होती.

येथे मला पंचायत सदस्यांना एक विनंती करावयाची आहे. गावोगावच्या जुन्या वाड्यांत, देवळांत आणि दप्तरांत मोडी कागद आजही पडून आहेत. वाळवी आणि ओल त्यांचा घास घेत आहेत. मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. कागद गेला की पुरावा गेला. तो पुन्हा निर्माण करता येत नाही. असे कागद रद्दीत घालण्यापूर्वी विद्यापीठाला किंवा पुराभिलेखागाराला कळवावे. शिक्षकांनी चार विद्यार्थ्यांना तरी मोडीची गोडी लावावी.

आणि आपल्या गावातील एखादी मुलगी वा मुलगा पैशाअभावी शिक्षण सोडत असेल, तर त्याच्यापर्यंत या योजनांची माहिती पोहोचविणे हेही आपलेच काम आहे. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. आप्पासाहेबांना त्यापेक्षा ही दोन कामे अधिक आवडली असती, असे मला मनापासून वाटते.