पाळीवरचा भूगोल

शाश्वत विकासाचा विचार करण्यासाठी उद्याचा भूगोल-शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या छात्राध्यापकांनी परिषदेच्या निमित्ताने वैनगंगेच्या काठच्या भंडारा जिल्ह्यातच जमावे, हा योग स्वागत समितीला विशेष मोलाचा वाटतो. पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता शाबूत ठेवून आजच्या पिढीने आपली गरज भागवावी, अशी या संकल्पनेची व्याख्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 साली केली. तिच्यामागचा व्यवहार मात्र या भूमीत त्याआधी कितीतरी पिढ्या मातीच्या पाळीवर उभा होता, आणि त्याला पडलेली खिंडारेही इथेच पाहायला मिळतात.

गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणत्यांनी जमिनीचा उतार नजरेने जोखून, दोन उंचवट्यांच्या मधल्या सखल भागाला मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवले. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याची जी सोय असते तिला तुडूम म्हणतात. ते उघडले की पाणी पाटात उतरते आणि एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरातून, खालच्या बांधीत झिरपत जाते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून बहुधा खालच्या तलावाला मिळते, त्यामुळे एका गावाची पाळ फुटली तर त्याची झळ पुढच्या गावालाही बसते. पाण्यावर ढिवर समाजाची मासेमारी चाले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या सुपीक गाळात गाळपेर होई. व्यवस्था विषम होती, मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाचा, अधिकार तिच्या माथ्यावर होता, हे झाकून तिचे गोडवे गाणे योग्य नव्हे. तरीही पाळीची डागडुजी ही गावाची रीत होती. जिल्हा त्यावेळी मध्य प्रदेशात होता. तिथल्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, असे पडले. मालकी बदलली ते न्याय्यच झाले, पण देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाकडे गेली हे गावाला उमगले नाही. गाळ साचत गेला, काठाने बेशरम नावाची झुडपे माजली.

अध्यापक-शिक्षणाची कसोटी नेमकी इथे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजे भूरूपे आणि मानवी खुणा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर, एक हेक्टरचा तलाव जेमतेम दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा निळा ठिपका होतो, आणि 20 मीटर अंतराने काढलेल्या समोच्च रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत, ज्या उतारावर अख्खी व्यवस्था उभी आहे, तो उतार दिसतच नाही. हा नकाशा वाचता येणे आवश्यक आहे. त्यावर काय उमटत नाही हे कळणे त्याहून आवश्यक आहे. सराव पाठासाठी टाचण काढणाऱ्या छात्राध्यापकाने पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पाळीपासून तिसऱ्या बांधीपर्यंतचा उतार स्वतः एकदा मोजला, तर ‘उतार’ हा शब्द तो वर्गात पुन्हा कधीही पुस्तकी आवाजात उच्चारणार नाही.

महाराष्ट्रात 14 जानेवारी हा भूगोल दिन पाळला जातो तो प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिवसानिमित्त. पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचा त्यांचा ग्रंथ 1948 साली निघाला. एखाद्या प्रदेशाची जमीन, पाणी, पीक आणि माणूस यांचा एकमेकांशी असलेला संबंध सांगणे, हा प्रादेशिक भूगोलाचा गाभा. अध्यापक-शिक्षणातील कारकिर्दी आज मात्र शोधनिबंधांच्या संख्येने मोजल्या जातात. एखाद्या प्राध्यापकाच्या किती विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या गावाचा नकाशा मुलांकडून काढून घेतला, याची नोंद कुठल्याच मूल्यमापनात होत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले, आंतरराष्ट्रीय भूगोल संघाच्या शिक्षणविषयक आयोगाने 2007 च्या ल्यूसर्न जाहीरनाम्यात शाश्वत विकासाला भूगोल-अध्यापनाशी जोडले. आधाराची वाण नाही, वाण आहे ती पाळीवर उभे राहण्याची सवय लावणाऱ्या शिक्षकांची.

गावाच्या शिवेबाहेर नजर टाकली की प्रश्न अधिक अवघड होतो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला आणि तिथून पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणात येते. एका शहराची घाण दुसऱ्या जिल्ह्याच्या पिण्याच्या पाण्यात कशी उतरते, हे शिकवताना नदीखोरे म्हणजे एकाच नदीला पाणी देणारा सारा प्रदेश, ही व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिनिधींना साकोलीच्या वाटेवरील एका मामा तलावावर नेण्याची व्यवस्था समितीने केली आहे. स्थलनिर्देशक नकाशाची प्रत आणि दहा मीटर पारदर्शक नळी प्रत्येक गटाला दिली जाईल. तुडूम कसे उघडते, हे दाखवायला गावातील शेतकरी पाळीवर थांबणार आहेत.