शोधणाऱ्याची सोय



नगरपालिकांचे ठराव, ग्रंथालयांच्या याद्या, वर्तमानपत्रांचे जुने अंक, सोसायट्यांची इतिवृत्तं असं कितीतरी मराठी लेखन आज संगणकावर चढतं आहे. चढवलेलं गरजेच्या वेळी हाती लागतं का, हा खरा प्रश्न आहे. शोधाच्या चौकटीत शब्द टाकावा, 'काही सापडलं नाही' असं उत्तर यावं आणि माणसानं समजावं की माहितीच नाही, असं वारंवार घडतं. माहिती पुष्कळदा तिथेच असते, तिच्याकडे जाणारी वाट कुणी बांधलेली नसते. ती बांधण्याची जबाबदारी माहिती ठेवणाऱ्याची आहे, हे मला आज सांगायचं आहे.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. तुम्ही शब्द टाकल्यावर ते सगळी पानं वाचत सुटत नाही. पानं आत घेतानाच त्यानं सूची करून ठेवलेली असते: अमुक शब्द, अमुक पानांवर. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही. तुमचा शब्द त्या सूचीत जसाच्या तसा असेल तर पानं मिळतात. एक उकार बदलला तरी यंत्राच्या लेखी तो वेगळा शब्द होतो.

आपल्या बदलापूरचंच उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उल्हास नदीच्या काठी घर घेऊ पाहणाऱ्याला अशी जुनी माहिती हवी असते. तो 'पूर' एवढंच टाकतो. शोध शब्दांचे तुकडेही जुळवणारा असेल, तर 'बदलापूर' लिहिलेलं पानन् पान समोर येतं, कारण गावाच्या नावातच ती अक्षरं आहेत. शोध पूर्ण शब्दच जुळवणारा असेल, तर 'पुरात', 'पुराचं पाणी', 'महापूर', 'पूररेषा' ही नेमकी कामाची पानं गळतात. विभक्ती लागली की 'पू'चा 'पु' होतो, जोडशब्द तर वेगळाच शब्द ठरतो आणि यंत्राला ओळख पटत नाही. म्हणजे एका पद्धतीत ढीगभर निरुपयोगी पानं, दुसरीत जवळजवळ काहीच नाही.

याला उपाय आहे. सूची करतानाच 'पुरात', 'पुराचं', 'पुरामुळे' ही रूपं 'पूर'खाली नोंदवायची आणि विचारलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची. पाऊस-पावसात, रस्ता-रस्त्यावर ही सामान्यरूपं आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांचे नियम यंत्राला देता येतात, अपवादांची यादी वेगळी ठेवता येते. 'पाणी भरलं', 'पाणी शिरलं' असं लोक बोलतात, तेही 'पूर'शी जोडायचं. गावांची नावं मात्र अखंड ठेवायची, म्हणजे 'बदलापूर' आणि 'पूर' यांची गल्लत होत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी 'अ'ला चंद्राची खूण जोडून ते दोन संकेतांकांनी लिहिलं जाई. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, पण 'ॲडव्होकेट' टाकल्यावर जुनी नोंद येत नाही. 'अंबरनाथ' आणि 'अम्बरनाथ', मराठीतलं 'बदलापूर' आणि हिंदीतलं 'बदलापुर' यांतला फरक डोळ्यांना दिसतो, पण गत तीच. जुळवणी करताना ही रूपं एक मानायची, मूळ मजकुराला मात्र हात लावायचा नाही. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवर केलेली पुस्तकं आत रोमन संकेतांकांत साठवलेली असतात. ती रूपांतरित करून पुन्हा मुद्रितशोधन केल्याशिवाय शोधाच्या कक्षेत येत नाहीत. स्कॅन केलेलं पान तर यंत्राला नुसतं चित्र असतं. त्याचं ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घ्यायची, आणि माणसानं ते तपासायचं.

तिसरी अडचण बदलत्या नावांची. उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लष्करी छावणीत राहिली, तेव्हा ठिकाण होतं कल्याण कॅम्प. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. आजोबांचा १९४८ चा कागद शोधणाऱ्या नातवानं 'उल्हासनगर' टाकलं तर काय मिळणार? शिवाय सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही, सरकारी कागदांत तेच नाव रोमनमध्ये असतं. एकच माणूस तीन लिप्यांत तीन माणसं होऊन बसतो. म्हणून नोंदीत जुनं नाव, नवं नाव आणि नावाची लिप्यंतरं एकत्र हवीत. बदलापूरच्या नगरपालिकेचं नावही 'कुळगाव-बदलापूर' आहे, हेही सूचीला माहीत हवं.

नोंद चुकली तर शोध किती भरकटतो, हे अंबरनाथचं शिवमंदिर सांगतं. तिथल्या शिलालेखाचा शक आधी ७८२ असा वाचला गेला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ वाचला, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकानं मंदिर दोनशे वर्षं मागे गेलं होतं. अशा वेळी दुरुस्त नोंद वर ठेवायची आणि जुनं वाचनही जोडून ठेवायचं, कारण जुने ग्रंथ वाचून येणारा माणूस ७८२ हाच आकडा शोधणार.

हे काम आपल्याला नवं नाही. शं. ग. दाते यांनी ग्रंथालयांतून फिरून १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची उभी केली. संगणक नसताना, एका माणसाच्या चिकाटीवर. वाचकाचा वेळ वाचवणं हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचं चौथं सूत्र म्हणून मांडलं. शोधाची दुरुस्ती करणाऱ्यानं हेच सूत्र समोर ठेवावं.

कामाची पद्धत सोपी आहे. लोकांनी कोणते शब्द टाकले आणि हाती काही लागलं नाही, त्यांची यादी दर आठवड्याला पाहायची. ती यादी म्हणजे वाचकांनी दिलेलं तक्रारपत्रच. त्यातून नवे नियम करायचे आणि नियम बदलले की संपूर्ण सूची नव्यानं बांधायची. हे विसरलं तर जुनी पानं जुन्याच नियमांत अडकून राहतात. शोधणाऱ्यानंही लांबलचक वाक्य न टाकता एखादा नेमका शब्द, गाव आणि साल टाकावं, नाही मिळालं तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहावं.

इथे ग्रंथालयांचे, सोसायट्यांचे, शाळांचे पदाधिकारी बसले आहेत. तुमच्या संस्थेची कागदपत्रं संगणकावर चढवताना प्रत्येक नोंदीला तारीख, ठिकाणाचं जुनं-नवं नाव आणि दोन-तीन विषयशब्द द्या. एका कागदाला काही मिनिटं लागतील. ती आज तुम्ही दिलीत तर पुढे कुणाला हक्काचा दाखला मिळेल, कुणाला पूररेषा कळेल. जपून ठेवलेलं सापडलं, तरच ते जपलं म्हणता येतं.