रोझेलची मावशी

1880 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे नंबर लागण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेले मिशनरी मासिक चाळताना गोपाळराव जोशी यांचे पत्र त्यांच्या नजरेस पडले. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मिळेल का, असे गोपाळरावांनी विल्डर या मिशनऱ्यांना विचारले होते. विल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला देऊन विषय मिटवला होता. कार्पेंटरबाईंच्या हाती ना पद होते, ना संस्था. तरी त्यांनी त्या अनोळखी कुटुंबाला पत्र लिहिले, आणि त्यात अट कसलीच नव्हती.

पत्रे तीन वर्षे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एप्रिल 1883 मध्ये कोलकात्याहून पतीशिवाय निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा त्यांच्यासाठी रोझेलचे घर उघडे होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आधार दिला.

याला वशिला म्हणता येणार नाही. मावशींनी राहायला घर दिले, माणसे जोडून दिली. शरीरशास्त्राचा पेपर आनंदीबाईंनाच सोडवावा लागला. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या.

आनंदीबाईंची कहाणी बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते, आणि तिथेच मोठी चूक होते. त्यांच्या पदवीदानाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या समारंभानंतर रमाबाई अमेरिकेतच राहिल्या, गावोगाव बोलल्या. त्यांच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती बॉडलीबाईंनीच. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याची हमी दिली. मार्च 1889 मध्ये मुंबईत ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली. तिथे शिकलेली पहिली विधवा मुलगी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे झाली. पुढे कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम झाला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघाले. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी निधी गोळा करायला अमेरिकेला गेल्या. रमाबाईंची विद्वत्ता कुणी दिलेली नव्हती आणि कर्व्यांचा ध्यासही उसना नव्हता; सगळे श्रेय एका पत्राला देणे अन्यायाचे होईल. पण या कर्तबगार माणसांची गाठ पडली, ती बायकांनी बायकांसाठी जोडलेल्या ओळखींतून.

रखमाबाईंचेही तसेच. नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिल्याने चाललेला त्यांचा खटला देशभर गाजला. खटला मिटला, पण पुढे करायचे काय? मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकाची वाट दाखवली आणि पैशाच्या जुळवणीतही हातभार लावला. पीचीबाईंना स्वतःला एडिनबरा विद्यापीठात शिकताना दगड-चिखल झेलावा लागला होता. बंद दाराची किंमत त्यांना ठाऊक होती. 1889 मध्ये लंडनला गेलेल्या रखमाबाई 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोटला वर्षानुवर्षे रुग्णालये सांभाळली.

अशा दूरच्या ओळखीच का कामी येतात, यावर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, ज्याच्याकडून खबर कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? नेहमी भेटणारा, असे सांगणारे जेमतेम 17 टक्के निघाले. जवळपास 56 टक्क्यांनी अधूनमधून म्हटले, 28 टक्क्यांनी क्वचितच. कारण उघड आहे. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी खबर दुरून येते.

बायकांचे नेमके इथेच अडते. कचेरी सुटल्यावर चहाच्या टपरीवर, सामन्याच्या गप्पांत पुढच्या बढतीची, नव्या प्रकल्पाची कुणकुण लागते. त्या वेळी नोकरी करणारी बाई लोकल पकडायला धावत असते, कारण कुकर तिच्याशिवाय लागणार नसतो. तिच्या ओळखी घर, शेजार आणि मुलांच्या शाळेभोवती फिरतात. त्या मायेच्या असतात, पण त्यातून कामाची खबर क्वचितच येते. समवयस्क मैत्रिणींचे गट मनाला आधार देतात. दार उघडायला मात्र दोन पायऱ्या वर पोचलेली कुणीतरी लागते. पुढे गेलेल्या बाईने मागे वळून नाव सुचवले नाही, तर तिची बढती तिच्यापुरतीच राहते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. आणि घरातल्या पुरुषाने आठवड्यातली एक संध्याकाळ स्वयंपाक सांभाळला, तर तोही याच कामाला लागला असे समजावे.

या सभागृहात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकारी आहेत. त्यांना विनंती एवढीच, की आपल्या क्षेत्रात नव्याने आलेल्या, नात्यागोत्यात नसलेल्या एका मुलीला या महिन्यात भेटायला बोलवावे, तिचे काम पाहावे आणि ते पटले तर योग्य माणसाला तिच्याबद्दल चार ओळी लिहून पाठवाव्यात. आणि मुलींनी आपणहून विचारायला संकोचू नये.