स्वस्तातली डार्करूम: बचत कुठे, खर्च कुठे?

आज घरच्या डार्करूमबद्दल बोलूया. बाबांची जुनी डार्करूम, जी मधल्या काळात अडगळीची खोली झाली होती, ती मी पुन्हा उभी करतेय. बजेट तुटपुंजं. आणि घरातून अट एकच: शेजारी स्वयंपाकघर आहे, आईला दमा आहे, वास आला की खोली बंद!

म्हणून पहिला खर्च हवेवर. फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड सुटू शकतो आणि दमा असलेल्यांना त्याचा पटकन त्रास होतो. एक्झॉस्ट फॅन ट्रेंच्या मागे, बाहेरच्या भिंतीत बसवला. हवा आत यायला दारात खाली जाळी ठेवली आणि जाळीपुढे काळ्या पुठ्ठ्याची नागमोडी वाट केली. हवा वळून आत येते, उजेड तिथेच अडतो. फॅन चालू असला की हवा स्वयंपाकघराकडून इकडे येते, उलटी जात नाही. स्टॉप बाथसाठी व्हिनेगरऐवजी सायट्रिक ॲसिड घेतलं, लिटरला साधारण 15 ग्रॅम. त्याला वास नाही.

आता बचत. नळ जोडलाच नाही. प्रिंट पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि बाथरूममध्ये नेऊन धुवायच्या. सगळ्या भिंती काळ्या करायचीही गरज नाही, फक्त एन्लार्जरजवळची भिंत पुरते. ट्रे साधे प्लास्टिकचे, पण एकदा केमिकलला वापरले की परत स्वयंपाकात नाहीत. एन्लार्जर आणि विजेचे बोर्ड एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. इथे तडजोड नको.

अंधार तपासायचा भर दुपारी. दहा मिनिटं आत बसा, मग फटी आपोआप दिसायला लागतात. दिसली फट की लाव टेप!

लाल एलईडी बल्ब स्वस्त मिळतो, पण तो सेफ आहेच असं धरू नका. कागदाला एन्लार्जरखाली हलकी राखाडी छटा येईल इतकाच उजेड द्या. मग लाल दिव्याखाली त्यावर नाणं ठेवून सात मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा लांब न्या किंवा बदला. फिल्म रीळवर चढवताना मात्र लाल दिवाही बंद, पूर्ण काळोख.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढणाऱ्याकडे द्या.

तर मंडळी, आधी हवा, मग अंधार, उपकरणं सगळ्यात शेवटी. भेटू पुढच्या भागात!